करंगळीच्या बाजूने

उंदराच्या गर्भाचं वय मोजायची रीत अगदी घरगुती आहे. संध्याकाळी एक नर आणि एक-दोन माद्या एका पिंजऱ्यात सोडायच्या आणि सकाळी प्रत्येक मादीच्या योनिमुखाशी पांढरट, घट्ट खडा बसलाय का ते पाहायचं. तो नराच्या वीर्याचा खडा. उशीर केला तर गळून पडतो, म्हणून हे काम सकाळीच उरकावं लागतं. खडा दिसला की मीलन मध्यरात्रीच्या सुमाराला झालं असं धरायचं आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता वहीत लिहायचं: गर्भाचं वय, अर्धा दिवस. तिथून एकोणीस-वीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

वहीत साडेनऊचा आकडा आला की गर्भाच्या दोन्ही कुशींवर एकेक फुगवटा दिसू लागतो. हे पुढच्या पायांचे कोंब. मागच्या पायांचे कोंब साधारण अर्धा दिवस उशिरा येतात. साडेदहाव्या दिवशी अख्खा गर्भ तुरीच्या दाण्याएवढा असतो आणि त्याचा कोंब खसखशीच्या दाण्याएवढा. त्या कोंबात हाड नाही, सांधा नाही, नख नाही. वर पेशींचा पातळ पापुद्रा, आत एकसारख्या दिसणाऱ्या पेशींचा गोळा. साडेतेराव्या दिवशी त्याच जागी पंजा असतो आणि त्यात पाच बोटं मोजता येतात.

पाची बोटं सारखी नसतात, असं आपण माणसांच्या स्वभावाबद्दल म्हणतो. उंदराच्या पंजाबद्दलही ते शब्दशः खरं आहे. त्याच्या पुढच्या पंजाचा अंगठा इतका बुटका असतो की पहिल्यांदा पाहणारा चारच बोटं मोजतो. अंगठ्यात पेरं दोन, बाकीच्या बोटांत तीन-तीन. आपल्या हाताचा हिशेबही हाच. पण खसखशीच्या दाण्यातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच आहे, वीस हजारांहून जास्त जनुकं, एकही कमी नाही की जास्त नाही. मग आपण अंगठ्याच्या बाजूला आहोत की करंगळीच्या, हे पेशीला कळतं कसं?

पुढे जाण्यापूर्वी बाजू नक्की करून घेऊ. दोन्ही हात आडवे पसरा आणि अंगठे वर करा. अंगठ्याची कड डोक्याकडे झाली, करंगळीची पायांकडे. गर्भाचा कोंब असाच आडवा निघतो, त्यामुळे त्यालाही एक डोक्याकडची आणि एक शेपटीकडची कड असते. या प्रकरणातलं सगळं नाट्य शेपटीकडच्या कडेला घडतं.

ते डोळ्यांनी पाहता येतं, फक्त चार दिवस सबुरी हवी. जनुक चालू असलं की पेशी त्याच्या आरएनए प्रती काढत असते. त्या प्रतींना नेमकी चिकटेल अशी उलट प्रत प्रयोगशाळेत तयार करायची आणि तिला डिजॉक्सिजेनिन नावाच्या रेणूचं शेपूट लावायचं. हृदयाच्या रुग्णांना माहीत असलेलं डिजॉक्सिन हे औषध डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळतं. हा रेणू त्याचाच तुकडा. उंदराच्या शरीरात तो कुठेही तयार होत नाही, त्यामुळे त्याला शोधत जाणारं प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. पहिल्या दिवशी गर्भाला साठवणीच्या मिथेनॉलमधून काढून पाण्यात आणायचं, पेशींची दारं किलकिली करायची आणि रात्रभर सत्तर अंशांच्या आसपास त्या शेपटीवाल्या प्रतीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी धुणं आणि प्रतिपिंड. तिसऱ्या दिवशी नुसतं धुणं. चौथ्या दिवशी रंग.

रंगाची कुपी अंधारात ठेवतात आणि दर थोड्या वेळानं काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चुलीवरच्या दुधासारखं तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. लवकर थांबवलं तर काही दिसत नाही, विसरलात तर सगळा गर्भ जांभळा होतो आणि चार दिवसांची मेहनत पाण्यात. नेमकं जमलं तर फिकट पिवळसर गर्भाच्या चारही कोंबांवर, शेपटीकडच्या कडेला, एकेक गडद जांभळा ठिपका उमटतो. डोक्याकडे काही नाही, मधे काही नाही. फक्त करंगळीच्या बाजूला. हा ठिपका ज्या जनुकाचा, त्याचं नाव सॉनिक हेजहॉग.

ठिपका दिसायच्या कितीतरी आधी त्याच्या जागेचा पत्ता लागला होता, आणि तो उंदरात नव्हे तर कोंबडीत. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आतल्या गर्भावर शस्त्रक्रिया करता येते आणि खिडकी बंद केली की तो वाढत राहतो. उंदराचा गर्भ आईच्या पोटात, तिथे असं काही करणं फार अवघड. अमेरिकेतल्या जॉन सॉन्डर्स यांनी १९४८ साली दाखवलं, की कोंबाच्या टोकावरची जाडसर किनार कापून टाकली तर पंख अर्धवट राहतो. जितक्या लवकर कापावी तितका आखूड. पुढे १९६८ साली त्यांनी आणि मेरी गॅसलिंग यांनी शेपटीकडच्या कडेचा एक तुकडा कापून दुसऱ्या कोंबाच्या डोक्याकडच्या कडेला लावला. पंख वाढला तो आरशात पाहिल्यासारखा दुहेरी. कोंबडीच्या पंखात तीन बोटं असतात आणि जुन्या मोजणीत त्यांना दोन, तीन, चार म्हणत. या पंखात ती चार-तीन-दोन-दोन-तीन-चार अशी आली. पाहुण्या तुकड्याशेजारच्या पेशींना वाटलं, करंगळीची बाजू इकडेच आहे.

लंडनच्या लुईस वोलपर्ट यांनी याचा अर्थ लावला: त्या कडेतून काहीतरी पाझरतं आणि लांब जाता जाता पातळ होतं. दाट असेल तिथल्या पेशी करंगळी व्हायचं ठरवतात, पातळ असेल तिथल्या अलीकडचं बोट. उदबत्तीच्या वासावरून देवघर किती लांब आहे हे ओळखावं, तसं. पाझरणारं ते काहीतरी कोणतं, हे शोधण्यात पुढची पंचवीस वर्षं गेली.

उत्तर माशीकडून आलं. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीची हजारो बिघडलेली भ्रूणं तपासून १९८० साली जी जनुकं जगापुढे मांडली, त्यांतल्या एकाला हेजहॉग म्हटलं होतं, कारण ते बिघडलं की अळीच्या अंगभर त्या काटेरी प्राण्यासारखे केस येत. त्या कामाला १९९५ साली नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९३ साली, कणा असलेल्या प्राण्यांमधली त्याची भावंडं सापडली. दोघांना खऱ्या हेजहॉगांची नावं मिळाली, डेझर्ट आणि इंडियन. इंडियन म्हणजे राजस्थान-गुजरातच्या रखरखीत भागात राहणारा आपला हेजहॉग. त्याच्या नावाचं जनुक हाडांच्या लांबीवर लक्ष ठेवतं. तिसऱ्याला हार्वर्डमध्ये क्लिफ टॅबिन यांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट रिडल यांनी व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकचं नाव दिलं. तेव्हा गंमत वाटली असेल. पण या जनुकातल्या दोषामुळे माणसांच्या मुलांच्या मेंदूची आणि चेहऱ्याची घडण बिघडते, आणि ते आईवडिलांना सांगताना डॉक्टरांना हेच नाव उच्चारावं लागतं. माझ्या मते शास्त्रज्ञांनी बारशाला घरातलं एखादं म्हातारं माणूस बसवायला हवं.

असो. टॅबिन यांच्या गटानं हे जनुक चालू असलेल्या पेशी कोंबडीच्या कोंबात डोक्याकडच्या कडेला लावल्या आणि पुन्हा तोच आरसा उमटला. सॉन्डर्स यांच्या तुकड्यातला पाझर सापडला होता.

तो ठिपका एकटा काम करत नाही. सॉन्डर्स यांनी कापलेली किनार एफजीएफ या घराण्यातली प्रथिनं सोडते आणि आतल्या पेशींना वाढत ठेवते. आतल्या पेशीही तशाच एका प्रथिनानं किनार जागी ठेवतात. ते प्रथिन, म्हणजे एफजीएफ-टेन, काढून टाकलेल्या उंदराला पाय फुटतच नाहीत, धड मात्र असतं. शेपटीकडचा ठिपका किनारीला टिकवतो, किनार ठिपक्याला. कोंब हात होणार की पाय, हे त्याआधीच ठरलेलं असतं: पुढच्या कोंबात टीबीएक्स-फाइव्ह चालू, मागच्यात टीबीएक्स-फोर आणि पिटएक्स-वन.

सॉनिक हेजहॉग बंद केलेला उंदीर १९९६ साली तयार झाला. पिल्लू जगत नाही. मेंदू आणि डोळ्यांची दैना असते, अनेकदा डोळा एकच. पायांपुरतं बोलायचं तर वरचं हाड असतं, त्याखाली एकच हाड, आणि पुढे काही नाही. मागच्या पायाला मात्र एक बोट येतं आणि ते अंगठ्यासारखं दिसतं. म्हणजे करंगळीच्या बाजूचा आवाज बंद झाला तरी ज्याला तो ऐकायचाच नव्हता, ते बोट उगवलं.

२००४ साली टॅबिन यांच्याच गटानं यातली आणखी एक गाठ सोडवली. ठिपक्यातल्या पेशींवर कधीही न पुसली जाणारी खूण करून त्यांच्या लेकी-नाती कुठे जातात हे पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जवळजवळ पूर्णपणे त्यांचंच निघालं, मधलं बोट अर्धंमुर्धं. तर्जनीत त्या पेशी नव्हत्या, तिला नुसता पाझर पोचला होता. अंगठ्याला तोही लागत नाही. म्हणजे वोलपर्ट यांची उदबत्ती खरी, पण पुरती खरी नाही: करंगळीच्या पेशींनी सुगंध दुरून घेतला नाही, त्या देवघरातच वाढल्या. वास किती दाट याच्याइतकंच तो किती वेळ घेतला हेही महत्त्वाचं. नेमकं काय किती, यावर प्रयोगशाळांमध्ये अजून वाद चालतो आणि तो चांगला रंगतो.

मला स्वतःला या सगळ्यात जनुकापेक्षा त्याच्या कळीची गोष्ट जास्त आवडते. सॉनिक हेजहॉग फक्त पायांत चालत नाही. मेंदूत, पाठीच्या कण्याशी, आतड्यात, फुप्फुसातही त्याची कामं आहेत. दिवा एकच, पण प्रत्येक खोलीतून लावायची कळ वेगळी. पायांच्या खोलीतली कळ २००३ साली एडिंबरात लॉरा लेटिस आणि रॉबर्ट हिल यांच्या गटाला सापडली. ती जनुकाच्या शेजारी नाहीच. उंदरात ती सुमारे साडेआठ लाख अक्षरं लांब आहे, माणसात दहा लाखांच्या घरात, आणि तीही एका परक्या जनुकाच्या पोटात, त्याच्या दोन उपयोगी तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. लांबी जेमतेम आठशे अक्षरं. डीएनए वळून कळ आणि दिवा जवळ येतात, तेव्हा तो ठिपका पेटतो.

दोन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या डीएनएमधून तेवढीच कळ कापली. जनुकाला धक्काही लावला नाही. मेंदू ठीक, डोळे दोन, आणि पाय मात्र जनुकच नसलेल्या उंदरासारखे तोकडे.

कळ कापण्याऐवजी तिच्यातलं एखादंच अक्षर बदललं तर उलट प्रकार होतो. डोक्याकडच्या कडेलाही एक फिकट ठिपका पेटतो आणि अंगठ्याजवळ जास्तीचं बोट येतं. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या फ्लोरिडातल्या घरी आजही सहा बोटांची मांजरं फिरतात; त्यांच्या बोटांचं कारण या कळीतलं एक अक्षर आहे. ज्यांच्या घरात दोन अंगठ्यांचं मूल जन्मतं आणि ऑपरेशन करावं की भाग्याची खूण म्हणून ठेवावं यावर आजी आणि डॉक्टर यांचे दोन तट पडतात, अशा काही घराण्यांतही बदल इथेच सापडले आहेत.

सापाचं काय? २०१६ साली बर्कलीतल्या गटानं उंदराची ही कळ काढून तिथे दुसऱ्या प्राण्यांची कळ बसवली. माणसाची बसवली, पाय नीट आले. सीलाकान्थ या प्राचीन माशाची बसवली, तरीही नीट आले. नागाची बसवली तेव्हा पाय तोकडे राहिले. अजगराच्या कळीतही हीच मोडतोड दिसली, आणि सापांच्या कळीतून सतरा अक्षरांचा एक तुकडा गळालेला सापडला. तो तुकडा अजगराच्या कळीत परत घालून ती उंदराला दिली, तर पाय परत आले. सापाजवळ सॉनिक हेजहॉग जनुक शाबूत आहे. त्याशिवाय त्याला मेंदूच मिळाला नसता. त्याची फक्त पायांच्या खोलीतली कळ गंजली.

मासा, उंदीर, माणूस यांच्या कळा अशा अदलाबदल करण्याइतक्या सारख्या आहेत म्हणून उंदरावर डोळे मिटून विसंबावं का? थॅलिडोमाइडनं याचं उत्तर फार क्रूरपणे दिलंय. पश्चिम जर्मनीत १९५७ साली बाजारात आलेलं हे झोपेचं औषध गर्भवतींनी मळमळीवर घेतलं आणि १९६१ अखेर ते मागे घेईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं आखूड किंवा अर्धवट हातापायांनी जन्मली. उंदरांना तेच औषध दिलं तर पिल्लांचे पाय धडधाकट. ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, हे २०१० साली जपानमध्ये कळलं. आणि ते चिकटलं की सॉल-फोर हे हातांच्या घडणीला लागणारं प्रथिन मोडीत काढलं जातं, हे २०१८ साली. उंदराच्या या प्रथिनांत मोजक्या दुव्यांचा फरक आहे, तेवढ्यानं ही साखळी जुळत नाही.

आता अंगठ्याकडे. बाजू कळली तरी हाताची लांबी कशी वाटली जाते, हे काम हॉक्स जनुकांचं. गुणसूत्रावर ती ओळीनं बसलेली असतात आणि साधारण त्याच ओळीनं जागी होतात. मारिओ कापेकी यांच्या प्रयोगशाळेनं १९९५ साली उंदरातली अकरा क्रमांकाची दोन हॉक्स जनुकं एकदम बंद केली, तर कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं जवळजवळ नाहीशी झाली. वर दंड होता, खाली पंजा होता, मधला हातच गायब. बोटं उमटताना हॉक्सडी या रांगेतली दहा ते तेरा क्रमांकांची जनुकं पुन्हा चालू होतात, पण सगळीकडे नाही. चार बोटांत चौघं, अंगठ्यात फक्त तेरावं. बाराव्या जनुकासाठी रंगवलेल्या गर्भात अंगठा असा ओळखू येतो: बाकी बोटं जांभळी आणि तो कोरा.

बोटं वेगळी होण्याचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. झेब्र्याच्या पट्ट्यांसारखं, एकमेकांना वाढवणाऱ्या आणि अडवणाऱ्या रेणूंच्या खेळातून पंजात आलटूनपालटून 'बोट' आणि 'फट' असे पट्टे उमटतात. गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५२ साली कागदावर मांडलेली ही कल्पना उंदराच्या पंजात चांगली बसते. फटीतल्या पेशी चौदाव्या दिवसाच्या आसपास ठरवून मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात आणि वटवाघळाच्या पंखात हे मरण रोखलं जातं, म्हणून तिथे पडदा राहतो.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की सॉनिक हेजहॉग बोटं घडवतं. ते नाही तर बोटं नाहीत, इतकं सरळ. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

कोंबातल्या पेशींत जीएलआय-थ्री नावाचं आणखी एक प्रथिन असतं. सॉनिकचा पाझर पोचत नाही तिथे पेशी त्याचे तुकडे करते आणि तो तुकडा बोटांच्या जनुकांवर मांड ठोकून बसतो, त्यांना चालू होऊ देत नाही. पाझर पोचला की तुकडे पडणं थांबतं. त्यामुळे अंगठ्याच्या बाजूला या अडवणाऱ्या तुकड्यांची गर्दी आणि करंगळीकडे ते विरळ. नुसतं जीएलआय-थ्री बिघडलेल्या उंदरांची एक जुनी जात आहे, तिला जास्तीची बोटं येतात. हे अपेक्षित होतं. पण २००२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दोन्ही जनुकं एकदम बंद केली. अडवणारा नाही, आणि त्याला आवरणारा सॉनिकही नाही.

त्या पिल्लांच्या सांगाड्याला नेहमीच्या रीतीनं रंग दिला, कूर्चेला निळा, हाडाला तांबडा, आणि बाकीचं मांस पारदर्शक होईपर्यंत विरघळवलं. बोटं होती. पाच नव्हेत, पाचापेक्षा जास्त, पंख्याच्या काड्यांसारखी ओळीनं, आणि सगळी सारखी. डावीकडून मोजा किंवा उजवीकडून, अंगठा कुठेच नव्हता आणि करंगळीही.